बेटावर घरोघरी कचरा उचलायचा असेल, तर घंटागाडी सगळ्यात शेवटी घ्या

रायगडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून ग्रामपंचायत सदस्य असलेल्या ताईंनी विचारलं आहे : “आमच्या तीन वाड्या, साडेतीनशेच्या आसपास घरं, दीड हजार वस्ती. पूल नाही, सगळी ये-जा होडीने. लोक कचरा परसात जाळतात नाहीतर तिवरांत, म्हणजे खारफुटीत टाकतात. एका वाडीतली पन्नास-साठ घरं महिन्याला पैसे देऊन एका मुलाकडून कचरा उचलून घेतात. तो कुठे नेतो हे कुणी विचारत नाही. आता पंचायतीने घंटागाडी घ्यायचं मनावर घेतलंय. एकही घर सुटणार नाही अशी सोय कशी उभी करायची? सुरुवात कुठून करू?”

ताई, गाडीचा ठराव झाला नसेल तर दोन महिने पुढे ढकला. झाला असेल तर निदान पैसे अडकवू नका.

गेली बावीस वर्षं मी कोकणात घनकचऱ्याचं काम करतोय आणि गाडीपासून सुरू झालेली कामं बहुतेक एकाच वाटेने जाताना पाहिली आहेत. नारळ फुटतो, फोटो निघतात, गाडीवरचं गाणं वाजत वाडीवाडीतून फिरतं. महिनाभराने कळतं की भरलेली गाडी रिकामी कुठे करायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. मग ती वस्तीच्या टोकाला, तिवरांच्या कडेला उलटी होते. आधी शंभर घरांचा कचरा शंभर ठिकाणी पडायचा, आता एका ढिगात पडतो आणि रात्री कुणीतरी त्याला काडी लावतं. मालदीवमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. राजधानी मालेचा कचरा न्यायचा कुठे म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच्या एका उथळ लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या आडोशातल्या पाण्यात, तो टाकायला लागले. भर पडत पडत तिथे थिलाफुशी नावाचं अख्खं बेट तयार झालं आणि कित्येक वर्षं ते धुमसत राहिलं. मालेत कचरा उचलला जात होता, हे लक्षात घ्या. घोटाळा त्यापुढच्या टप्प्यावर होता.

म्हणून बेटावर हिशेब उलटा मांडायचा. आधी पलीकडचा धक्का, मग होडी, मग आपल्या धक्क्याजवळची शेड, मग हातगाडी आणि शेवटी घराचं दार.

पलीकडचा धक्का म्हणजे काय ते सांगतो. तुमचा सुका कचरा मुख्य भूमीवर उतरला की तो कुणाचा? भंगारवाला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, दुधाच्या पिशव्या घेईल. वेफर्सची, बिस्किटांची चकचकीत पाकिटं तो घेत नाही, आणि बेटावर सगळ्यात जास्त उडतात ती तीच. ती तालुक्याच्या प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राला किंवा जवळच्या नगरपरिषदेच्या केंद्राला द्यावी लागतात. तिथून पुढे ती सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जातात. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला असं एक केंद्र उभारायला १६ लाखांपर्यंत तरतूद होती. तुमच्या तालुक्यात ते चालू आहे की कुलूप लावलेलं आहे, हे स्वतः जाऊन बघा. फोनवर विचारलंत तर सगळीच चालू असतात. मग गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी पत्र घ्या : अमुक बेटाचा सुका कचरा अमुक केंद्र स्वीकारेल. हे पत्र नसल्यामुळे एकदा आमची भरलेली होडी परत आली होती. पलीकडच्या गावच्या लोकांनी “तुमची घाण आमच्या धक्क्यावर नको” म्हणून उतरवूच दिली नाही. त्यांचं काय चुकलं? गठ्ठे कुणासाठी आलेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता होडी. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तुमच्या वेळापत्रकाचा पाया तिच्यात आहे.

एका खाडीतल्या बेटावर आम्ही ठरवलं, दर शनिवारी दुपारी चारला होडी. फलक लावले, घरोघरी पत्रकं वाटली. पहिला शनिवार छान गेला. दुसऱ्याच शनिवारी धक्क्यावर चाळीसेक गोणी रचून ठेवल्या होत्या आणि होडी धक्क्यापासून तीस हातांवर चिखलात बसलेली. ओहोटी. दोघंजण गुडघाभर चिखलातून गोणी पोचवायला निघाले, त्यातला एक मांडीपर्यंत रुतला. काम तिथेच सोडलं. रात्रभर गोणी धक्क्यावर राहिल्या, कुत्र्यांनी फाडल्या, पहाटे वारा सुटला आणि अर्धा कचरा खाडीत गेला. सकाळी मी डोकं धरून बसलो असताना एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा, शेजारी येऊन बसले. म्हणाले, “वार कसला लिवता फलकावर, तिथी लिवा.”

तुमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असेल, आमच्यासारख्या डोंगरपट्ट्यातून आलेल्यांना शिकावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीच्या आत थोडा उशीर धरायचा. वार धरला तर भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकत जाते आणि आठवड्याभरातच तुमचं वेळापत्रक पार उलटं होतं. तिथी धरली तर शुक्ल पक्ष असो की कृष्ण, वेळ तीच. आम्ही पंचमी आणि द्वादशी घेतली. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, द्वादशीला सकाळी नऊला, दोन्ही उजेडातल्या. पंचमी ते द्वादशी सात दिवस, द्वादशी ते पुढची पंचमी आठ. म्हणजे जवळजवळ आठवड्याला एक फेरी, महिन्याला चार. घराघरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, त्यावर तिथी छापलेली असते, वेगळं पत्रक वाटायची गरज उरली नाही. फलक पुसून नवे लिहिले, आणि पुढच्या दोन वर्षांत ओहोटीमुळे एकही फेरी चुकली नाही. डिझेल संपल्यामुळे चुकली, ती गोष्ट वेगळी.

तुमच्या धक्क्याला कुठल्या भरतीत किती पाणी असतं ते तुमच्याच तांडेलांना बसवून विचारा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, भरतीलाही पाणी कमी चढतं. ते दिवस टाळा. पलीकडच्या धक्क्यालाही त्याच वेळी पाणी हवं, हे विसरू नका.

किती माल न्यायचा? ढोबळ हिशेब असा. माणशी दिवसाला पाव किलो धरा. दीड हजार माणसांचे पावणेचारशे किलो. त्यातला निम्म्याहून जास्त ओला, तो बेटाबाहेर जाऊ द्यायचाच नाही. थोडी माती, राख, झाडलोट. उरला सुका, नव्वद-शंभर किलो. आठवड्याला साडेसहाशे ते सातशे. वजन काहीच नाही, पण आकार बघा : नुसत्या भरलेल्या गोणीत आठ-दहा किलोच मावतात, म्हणजे सत्तर-ऐंशी गोणी. एवढ्या होडीत रचल्या तर माणसं बसणार कुठे? दाबून गठ्ठे बांधले तर चाळीस-पन्नास किलोचा एक, म्हणजे पंधराएक गठ्ठे. ते नेहमीच्या फेरीच्या होडीतही जातात. म्हणून तुमच्या निधीतली पहिली खरेदी गठ्ठे बांधायच्या प्रेस मशीनची. विजेवरचं मिळतं, हाताने दाबायचंही मिळतं. घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाला, २०१८ साली समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून चोवीस तास वीज आली. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तासच दिवे लागायचे. अशा ठिकाणी विजेच्या मशीनचा विचार आता करता येतो. तुमच्याकडे वीज सारखी जात असेल तर हाताचंच घ्या, दोन बायका सहज चालवतात.

मशीनला आणि गठ्ठ्यांना शेड लागेल. ती धक्क्याजवळ, पण धक्क्यावर नको. जेट्टी बहुधा सागरी मंडळाची असते आणि किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम किनाऱ्याच्या पट्ट्यात कचरा टाकायला मनाई करतात. उधाणाचं पाणी जिथे कधीच आलं नाही अशी जागा म्हाताऱ्यांना विचारून घ्या. शेड तीन आठवड्यांचा सुका कचरा मावेल एवढी करा, कारण जून-जुलैत सलग दोन फेऱ्या बुडणार, हे धरूनच चालायचं.

इथपर्यंत झालं की मग दाराशी या.

‘एकही घर सुटू नये’ असं तुम्ही लिहिलंय. आधी सांगा, घरं किती? “नमुना आठला आहेत तेवढी” हे उत्तर पुरणार नाही. नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, त्यात चुली दिसत नाहीत. एकाच क्रमांकाखाली तीन भावांच्या तीन चुली असतात. वनखात्याच्या, पुरातत्त्व खात्याच्या किंवा बंदराच्या जागेवरची घरं पुष्कळदा नोंदीत नसतात. हंगामी खलाशी राहतात त्या खोल्या नसतात. आदिवासी वाडीतली निम्मी घरं नसतात. उलट मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं नोंदीत असतात आणि त्यांच्यातून वर्षातले अकरा महिने काहीच निघत नाही. दोन अंगणवाडी सेविका आणि एक शाळकरी मुलगा बरोबर घेऊन स्वतः चालत मोजा. कागदाचा नकाशा, प्रत्येक चुलीला एक ठिपका. मी असं मोजलं तेव्हा एका बेटावर नोंदीपेक्षा पन्नासेक चुली जास्त निघाल्या होत्या. सगळ्यात जास्त कचरा उघड्यावर पडत होता तो त्यांचाच, कारण त्यांच्याकडे आजवर कुणी मागायलाच गेलं नव्हतं.

आता त्या पैसे देऊन कचरा उचलून घेणाऱ्या पन्नास-साठ घरांबद्दल. ही पद्धत चांगली दिसते, पण ती वाढवत वाढवत सगळ्यांपर्यंत नेता येत नाही. ‘ज्याला हवं त्याने नाव नोंदवा’ म्हटलं की नोंदवणारे नोंदवतात आणि बाकीचे तिवरांत टाकत राहतात. याचं ठळक उदाहरण प्रशांत महासागरातलं ग्वाम. अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, वस्ती दीड लाखाच्या वर, आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत. तिथलं ऑर्डोटचं डंपिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालू होतं आणि त्याचा काळा पाझर शेजारच्या नदीत जात होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच ग्वामवर खटला भरला, २००४ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला, तोही पाळला जाईना म्हणून २००८ मध्ये न्यायालयाने कचऱ्याचा सगळा कारभार बाहेरच्या रिसिव्हरच्या, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या हाती दिला. २०११ मध्ये ऑर्डोट बंद होऊन लायोनला शास्त्रीय भरावभूमी सुरू झाली. गाड्या आल्या, चाकांचे मोठे डबे आले. पण घरोघरची सेवा महिन्याला तेव्हाचे ३० डॉलर भरून नाव नोंदवणाऱ्यांचीच राहिली, आणि जंगलात, रस्त्याच्या कडेला कचरा पडणं काही थांबलं नाही. सगळ्या घरांना सरसकट सेवा आणि सरसकट आकारणी करा, हा वाद तिथे पुढेही चालू राहिला. डंपिंग सुधारायला न्यायालय धावून आलं. नाव न नोंदवलेल्या घरात ते कसं शिरणार?

दुसरं टोक हवाईच्या मोठ्या बेटाचं. तिथे काउंटी, म्हणजे स्थानिक प्रशासन, घरोघरी कचरा उचलतच नाही. लोक आपापल्या गाडीतून ट्रान्स्फर स्टेशनवर, म्हणजे कचरा जमा करायच्या केंद्रावर नेऊन टाकतात. प्रत्येकाकडे पिकअप आहे म्हणून चालतं. तुमच्या वाडीतली आजी डोक्यावर गोणी घेऊन धक्क्यापर्यंत येणार आहे का?

तेव्हा तुमच्याकडे शुल्क घराला लावा, डब्याला नको. ग्रामसभेत ठराव करून घरपट्टीच्या बिलातच स्वच्छतेची रक्कम घाला. ज्या चुली नमुना आठमध्ये नाहीत त्यांच्याकडून पावती फाडून घ्या, देत नसतील तरी कचरा मात्र उचला. हा मुद्दा मी पुन्हा लिहितो, कारण ग्रामसभेत यावरूनच भांडण होईल. पैसे न देणाऱ्याचा कचरा सोडून दिला तर तो त्याच्या घरात राहत नाही, तुमच्या विहिरीच्या पाठीमागे येतो. थकबाकी वसूल करायला पंचायतीकडे वर्षभर आहे, दाखले देताना आठवण करून देता येते. कचरा आजचा आज उचलायला हवा.

पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या ताई दारोदार जाऊन शुल्क स्वतःच घेतात आणि तिथे ते चाललंय. बेटावर तसं करू नका. तिथे कचरा उचलणारी कुणाची तरी सून असते आणि दार उघडणारी तिची मामेसासू. ती पैसे मागणार नाही, आणि मामेसासू देणार नाही.

खर्चाचा अंदाज देतो, तुमच्याकडचे दर घालून आकडे बदला. दर वाडीला एक, अशा तीन बायका, अर्धा दिवस, महिना नऊ हजार : सत्तावीस हजार. होडीच्या चार फेऱ्या, अडीच हजाराने : दहा हजार. गोणी, हातमोजे, सुतळी, दुरुस्ती : पाच हजार. एकूण बेचाळीस. भंगारातून सहा-सात हजार सुटतील; पहिल्या वर्षी जास्त धरू नका, ओल्या पुठ्ठ्याला कुणी विचारत नाही. राहिले पस्तीस हजार, म्हणजे घरामागे शंभर रुपये. शंभर कुणी देणार नाही. घराला साठ, दुकान आणि खानावळीला तीनशे, पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना पाचशे, आणि उरलेलं वित्त आयोगाच्या बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या हिश्श्यातून. घारापुरीसारखे पर्यटक येत असतील तर त्यांच्याकडून घेतलेल्या पंचायत कराचा काही भाग यासाठी ठरावानेच बांधून टाका, नाहीतर तो पेव्हर ब्लॉकमध्ये जातो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांखालच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये असा निकष होता. तुमच्या वस्तीला नव्वद हजार होतात. त्यात प्रेस मशीन, तीन हातगाड्या आणि शेडचे पत्रे यांची जुळवाजुळव करायची म्हणजे काटकसर आलीच. घंटागाडी त्यात बसत नाही, आणि पाखाड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवर, ती चढणारही नाही.

ओल्या कचऱ्यावर मी फार लिहीत नाही, कारण बेटावरच्या घरांत तो फारसा उरतच नाही. भात कोंबड्यांना, साली शेळ्यांना, नारळाची सोडणं चुलीत. मोठा खतप्रकल्प बांधायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. खानावळी आणि अंगण नसलेली घरं यांच्यापुरत्या दर वाडीला दोन नाडेप टाक्या पुरतात. यवतमाळच्या नाडेपकाका पांढरीपांड्यांची ती जुनीच पद्धत : दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांत भोकं ठेवलेली, तीन-चार महिन्यांत खत. दोन टाक्या अशासाठी, की एक भरत असताना दुसरी मुरते. अडचण एकच, मासळीची. डोकी, कल्ले, कोळंबीची सालं टाकीत उघडी टाकली की कुत्री, कावळे आणि माकडं असतील तर माकडंही. मासळीच्या प्रत्येक थरावर पालापाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर चार बोटं माती, आणि वरून जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधा. फाटकी नायलॉनची जाळी मात्र कचऱ्यात घेऊ नका, ती वेगळी साठवा, तिला भंगारात भाव मिळतो. मासळीचे थर्माकोलचे खोके व्यापाऱ्याला परत द्यायची अट होडीवाल्यांच्या बैठकीत घाला. प्रेस मशीनमध्ये त्यांचा भुगा होतो आणि तो भुगा सगळ्या बेटभर दिसतो.

सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर यांना ओल्या-सुक्याहून वेगळी तिसरी, झाकणाची बादली. कागदात गुंडाळलेले, झाकणबंद पिंपातून दर फेरीला पलीकडे. बेटावर पुरायला खड्डा काढायचा म्हटलं की तो विहिरीच्या पाझरात येतो. याबद्दल घरातल्या बायकांशी तुम्ही स्वतः बोला, ग्रामसेवकांना पाठवू नका.

आणि त्या तीन बायका. काम बिघडतं ते बहुधा इथेच. ‘कचरेवाली’ म्हणून घ्यायला गावातली कुणी तयार होत नाही, मग बाहेरून कुणाला तरी आणायची भाषा सुरू होते, आणि ते ‘कुणीतरी’ कुठल्या जातीचं असावं हे बोलणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. तो विषय ग्रामसभेत मोकळेपणाने काढा. बचत गटाला काम द्या, पगार दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेत, पूर्ण बाह्यांचा डगला, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन. एका ठिकाणी आमचा पगार तीन महिने तुंबला होता. बायकांनी काम बंद केलं नाही, फक्त वेगवेगळा घेतलेला कचरा एकाच गोणीत टाकायला लागल्या. बरोबरच केलं त्यांनी. तो मुलगा, जो सध्या पन्नास-साठ घरांचा कचरा उचलतो, त्याला बाजूला सारू नका. त्याला प्रेस मशीन आणि होडीचं काम द्या. कुठल्या घरातून काय निघतं हे बेटावर त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि दुखावला तर आजवर कचरा कुठे टाकला हेही तो कधी सांगणार नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करा. समुद्र शांत असतो, शेड कोरडी असते, आणि मे महिन्यात मुंबईकर येईपर्यंत सहा महिने हात बसायला मिळतात. पहिले दोन महिने फक्त सुका कचरा घ्या, एकाच वाडीतून नव्हे, तिन्ही वाड्यांतून एकदम. एका वाडीवर प्रयोग करून बघू असं कुणी म्हणेल, पण उरलेल्या दोन वाड्या मग “त्यांचं काम” म्हणून हात झटकतात.

खरी कसोटी गणपतीत. अकरा महिने बंद असलेली घरं उघडतात, घरात चार माणसांऐवजी चौदा असतात, मखराचं सामान, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, निर्माल्य. आठवड्याचा कचरा दोन दिवसांत निघतो, आणि तोही पावसात भिजलेला. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी पंचमी येते, म्हणजे नेहमीची फेरी त्या गर्दीतच पडते, आणि त्या दिवशी एकही होडीवाला मोकळा नसतो. सगळे पाहुण्यांच्या फेऱ्यांत. तेव्हा पंचमीऐवजी गौरी-विसर्जनानंतरची द्वादशी पक्की करून ठेवा, लागली तर दुसऱ्या दिवशी त्रयोदशीला जादा फेरी, आणि त्याचे पैसे होडीवाल्याला श्रावणातच आगाऊ द्या.